सातव्या प्रकरणाची पानं

३ जून

प्रिय मावशी,

दोन वर्षांनी पत्र लिहितेय आणि तेही कामासाठी, म्हणून आधीच कान पकडते.

मला चेटूक शिकायचंय. हसून घे. झालं? आता पुढचं वाच.

मी अजून त्या कवळ्यांच्या कारखान्यातच आहे, दिवसभर दुसऱ्यांचे दात घासते. आमच्या मेणकाम करणाऱ्या बाईंनी मागच्या आठवड्यात चेटकाचं एक पुस्तक आणलं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या त्यावर तुटून पडल्या. कुणाला नवरा वळवायचाय, कुणाला सासू. मला आमच्या साहेबांचा बेडूक करायचाय, म्हणजे ते निदान पाण्यात राहतील, माझ्या मानेवर श्वास सोडत उभे राहणार नाहीत. पण बाईंचं पुस्तक घोळक्यात करायचं आहे. सात बायका, गोल, हातात हात. मला घोळक्यात जमत नाही, तुला माहीत आहे. एकटीनं करता येईल असं हवं, आणि ज्याला काहीच येत नाही त्यालाही कळेल असं.

जुन्या पुस्तकांच्या दुकानात अशी तीन दिसली. नावं खाली लिहिलीत. तुमच्या वाचनालयात असतील तर चाळून बघ. तू जन्मभर पुस्तकं शिवत आलीस, कुठलं घेऊ ते तूच सांग.

खोली बरी आहे. तिसरा मजला, खिडकी एक. दार ओलीनं फुगलंय, खांदा लावल्याशिवाय हलत नाही. घरमालकीण म्हणते, चोरांसाठी बरंय.

तुझी,
भिंगरी


१२ जून

भिंगरी,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहून पातळ करत नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी मागच्या खोलीत एक जुना शब्दकोश उसवत होते. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "अगंबाई, तुम्हालाही पत्रं येतात!" म्हटलं, "येतात, वर्षाआड."

तिन्ही पुस्तकं आमच्याकडे निघाली. तिन्ही वाचली. वेळ लागला, कारण चष्मा अजून तोच आहे, तुझ्या काकांनी घासलेल्या काचांचा. नंबर पुढे गेलाय, पण दुसऱ्या कुणी केलेल्या काचांतून बघायला मन घेत नाही. मग एक पान दोनदा वाचते.

मी चौथीनंतर शाळेत गेले नाही, वाचायला शिकले ती फाटकी पुस्तकं शिवता शिवता. म्हणून माझी रीत वेगळी आहे. पुस्तक मिटून धरायचं आणि कडेचा मळ बघायचा. माणसांची बोटं कुठपर्यंत गेली आणि कुठे थांबली, ते मळ सांगतो.

'एकवीस दिवसांत चेटूक' या पुस्तकाची पहिली वीस पानं काळी आणि पुढची दुधासारखी पांढरी. एकविसाव्या दिवसापर्यंत एकही माणूस पोचलेला नाही. लिहिणारा दर पानावर काहीतरी आणायला सांगतो, चांदीचं ताट काय, हरणाचं शिंग काय. त्याला वाचक नको आहे, गिऱ्हाईक हवं आहे.

'चांदण्यातलं रिंगण' भाषेला गोड आहे. वर लिहिलंय एकटीसाठी, पण तिसऱ्याच पानावर सांगतं, दोऱ्याचं दुसरं टोक सखीला धरायला द्या. धरायला कुणी असतं तर बाईनं हे पुस्तक घेतलं असतं का?

तिसरं 'एकटीची विद्या'. तेच घे. मीठ, पाणी, दिवा, दोरा, कप, एवढ्यावर भागतं. लिहिणारी बाई उगाच आव आणत नाही. जमलं नाही तर तुमची चूक नाही, असं सरळ सांगते. कडेला मळ शेवटच्या पानापर्यंत आहे. आमची प्रत झिजली म्हणून यादीतून काढून टाकलेली होती, ती मी मागून घेतली. दुकानातून आणू नकोस, हीच नीट शिवून पाठवते.

पहिली सहा प्रकरणं कर. झोप लागण्याची गाठ आहे, राग उतरवायचं पाणी आहे. बेडकाचं काही सापडलं नाही.

मावशी


२ जुलै

प्रिय मावशी,

पुस्तक पोचलं. काय बांधलंयस! त्याच्या शेजारी माझ्या खोलीतल्या बाकीच्या वस्तू ओशाळल्यात.

पहिलं प्रकरण केलं. उंबऱ्यावर मीठ टाकलं. घरमालकीण म्हणाली, "काय गं, मुंग्या झाल्यात का?" मी हो म्हटलं. मग झोपेची गाठ बांधली. गाठीनं झोप आली नाही, ती सोडवता सोडवता मात्र दमून पडले. म्हणजे लागू पडली म्हणायची.

आता एक विचारते. अनुक्रमणिकेत सहाव्या प्रकरणाखाली थेट आठवं आहे. मधे कोरी पट्टी. कागद तसाच, रंग तसाच, चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला. दुसऱ्या कुणाला दिसली नसती. पण मी रोज हिरड्यांचे रंग जुळवते, मावशी. आमच्या कामाच्या पातळ पात्यानं ती उचलली. खाली छापलंय, 'सातवं : गेलेल्या माणसाला घरी बोलावणे'. आणि पान ९६ नंतर एकदम ११३. मधली सोळा पानं नाहीत.

साहेब आणि बेडूक हे मी तुला हसवायला लिहिलं होतं. मला असंच काहीतरी हवं होतं. आईला एक गोष्ट विचारायची आहे. एकच.

पानं तुझ्याकडे असणार. तू कागद टाकत नाहीस. पाठव.

भिंगरी


५ जुलै

भिंगरी,

त्या पानांना कसर लागली होती. चाळणी झाली होती. तसली पानं कुणाच्या हातात द्यायची माझी सवय नाही, म्हणून काढली. पट्टी लावली ती दिसायला बरी दिसावी म्हणून.

राहिलेली प्रकरणं पुष्कळ आहेत. जेवत जा.

मावशी


१४ जुलै

मावशी,

तुमच्याकडची कसर चांगली शिकलेली दिसते. पान ९६ ला एक भोक नाही, ११३ ला एक नाही. मधली सोळा पानं मोजून खाल्ली आणि जाताना अनुक्रमणिकाही दुरुस्त करून गेली.

आता माझं ऐक.

काका गेल्यावर दोनेक महिन्यांनी आई आणि मी तुझ्याकडे आलो होतो. मी सतरा वर्षांची होते. माझ्या हातात कपड्यांची पिशवी होती. सकाळी आईनं स्वतः भरलेली, थंडीचे आणि उन्हाळ्याचे, दोन्ही कपडे. मी म्हटलं, "इतके कशाला?" तर म्हणाली, "असू देत." तुझ्या जिन्याच्या वळणावर तिनं मला थांबवलं आणि एकटी वर आली. दार वाजवलं. हाका मारल्या. मग वरच्या पायरीवर बसली. पाऊण तास बसली. मधे आत कपबशी वाजली. मी खालून ऐकली, म्हणजे तिनंही ऐकलीच असणार. पण उठली आणि मला म्हणाली, "मावशी बाहेर गेलीय वाटतं. चल."

बसमध्ये पिशवी माझ्या मांडीवर होती. आई खिडकीबाहेर बघत होती.

सात महिन्यांनी ती गेली. बाबा तर मी चालायला लागायच्या आधीच घर सोडून गेलेले. मग आत्याकडे, जिन्याखालच्या कोनाड्यात, मी ती पिशवी रिकामी केली.

नऊ वर्षं मी एकच समजून चाललेय, की मावशीला मी नको होते. तुला विचारायचं धाडस झालं नाही. आईला विचारणार आहे, मला तिथं का नेलं होतंस, आणि न्यायचंच होतं तर परत का आणलंस.

तू पानं देऊ नकोस. दुकानातली 'एकटीची विद्या' विकली गेली होती, म्हणून 'चांदण्यातलं रिंगण' आणलं. त्यातही हा विधी आहे. सखीशिवाय चालेल असं माझं मीच ठरवलंय. चाळीस दिवस रोज संध्याकाळी दोन कप मांडायचे, घरात दुसऱ्या माणसाचा आवाज नको, दार कुणाला उघडायचं नाही. कारखान्यात चाळीस दिवसांची रजा मागितली. साहेब म्हणाले, "मग येऊच नकोस." बरं म्हटलं. घरमालकीण रोज दाराबाहेर पाव आणि दूध ठेवणार आहे. तिला वाटतंय मला कांजिण्या झाल्यात.

उद्यापासून बसतेय. पत्र टाकू नकोस, वाचणार नाही.

भिंगरी


१९ जुलै

भिंगरी,

वाचणार नाहीस म्हणालीस, तरी लिहितेय.

कसर लागली नव्हती. त्या पानांचा फर्मा, एकत्र शिवलेला गठ्ठा, मी उसवला. तो माझ्या समोर आहे, सोळा पानं, ९७ ते ११२. सगळ्या पुस्तकात सगळ्यात मळकी. तुला लिहिलं, मळ शेवटपर्यंत आहे. ते खरं. पण बोटं कुणाची ते लिहिलं नाही. या सोळा पानांवरचा मळ माझा आहे.

काका गेले आणि महिन्याभरानं हे पुस्तक शिवायला माझ्या टेबलावर आलं. मी हसत वाचायला घेतलं. सातव्या प्रकरणाशी हसू थांबलं. ते पुस्तक मी घरी नेलं आणि चाळीस दिवस परत दिलं नाही. वाचनालयात आजारी आहे म्हणून कळवलं. तू जे करतेयस तेच सगळं केलं. दोन कप, त्यांची खुर्ची, त्यांचा चष्मा पुसून टेबलावर. माणसाचा आवाज नको म्हणून खिडक्याही लावून घेतल्या. बाई लिहिते, मधेच दुसरा आवाज आला तर येणारा वाटेतून मागे फिरतो.

एकतिसाव्या दिवशी तुझी आई आली.

"ताई, उघड गं. थोडं बोलायचंय." हे तिचे शब्द. तीनदा म्हणाली. मी खुर्चीत तोंडावर हात दाबून बसले होते. मला वाटत होतं, हे आता जिन्यावर पोचलेच असतील आणि हिच्या आवाजानं परत फिरतील. सख्ख्या बहिणीचा राग आला मला. नऊ दिवस राहिलेत, तेवढे थांबली असती तर काय बिघडलं असतं, असं मनात आलं. ती गेली नाही म्हणून मी उठले आणि कप उगाचच हलवला. तू ऐकलास तो आवाज चुकून झालेला नव्हता. आत कुणीतरी आहे आणि उघडत नाही, हे तिला कळावं आणि तिनं जावं, म्हणून मी तो केला.

हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

चाळिसाव्या दिवशी दोन्ही कप गार झाले. मी दोन्ही प्यायले.

मग तिला पत्र लिहिलं, तू आलीस तेव्हा मी औषध घेऊन झोपले होते. तिचं उत्तर आलं, सहजच आले होते, तू बरी आहेस ना? तिनं माझं खोटं जसंच्या तसं ठेवून घेतलं. त्याच पत्रात खाली एक ओळ होती, 'भिंगरीचा हात दोऱ्याला चांगला आहे, तिला तुझं काम शिकवशील का?' मी उत्तर दिलं, या कामानं डोळे जातात, तिला दुसरं काहीतरी शिकव.

ती काम विचारत नव्हती. तिला तेव्हा आपल्या आजाराचं कळलेलं असणार. मी मात्र विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं आणि तिकीट चिकटवलं. पिशवीचं मला परवा कळलं. थंडीचे आणि उन्हाळ्याचे, दोन्ही कपडे. तुझ्या पत्रातली ती ओळ मी दोनदा वाचली, आणि या वेळी चष्म्याचा दोष नव्हता.

तू मला नको होतीस असं नव्हतं. तू खाली वळणावर उभी आहेस हे मला ठाऊक नव्हतं. पण हेही पुरतं खरं नाही, कारण ती गेल्यावर तरी तुला आणायला हवं होतं. आत्याबाई पुढे आल्या आणि मी गप्प राहिले. तुला समोर बसवून तिच्याबद्दल काय सांगणार होते? त्यापेक्षा वर्षाआड एखादं पत्र सोपं होतं.

आणि आता तू चेटकाचं पुस्तक मागितलंस, तर मी परत तेच केलं. तीन पुस्तकं वाचली, मळ पाहिला, निवाडा दिला. माझ्या भाचीला एकटीनं करायची विद्या का हवी आहे, एवढं एक विचारलं नाही.

त्या विधीत येणारं कुणी आलं की नाही, हे मी तुला सांगायला बसले नाही. एक जण आली होती. मी तिला परत पाठवलं.

सोबत सोळा पानं पाठवतेय. तुझी आहेत. तुझ्या बाबतीत आता मी काही कापणार नाही.

मावशी


३० जुलै

(दाराखालून)

भिंगरी,

मी बाहेर आहे. वरच्या पायरीवर. आज तुझा सोळावा दिवस.

हाक मारत नाही. तुझ्या विधीत आवाज चालत नाही, म्हणून लिहून सरकवतेय. दार उघड असंही म्हणत नाही. ते म्हणायचा हक्क माझ्याकडे उरलेला नाही.

माझं पत्र तुझ्या दाराखाली अर्धं आत, अर्धं बाहेर अडकलेलं दिसतंय. वाचलंस की नाही ते कळत नाही. नसलंस वाचलं तर थोडक्यात असं आहे, की त्या दिवशी मी घरात होते, आणि चूक सगळी माझी होती.

घरमालकीण दोनदा येऊन गेली. पहिल्यांदा म्हणाली, "तुम्हाला कांजिण्या येऊन गेल्यात ना?" मी मान हलवली. दुसऱ्यांदा बसायला एक उशी ठेवून गेली. तुझं दूध माझ्या शेजारी आहे, त्यावर मी वही झाकलीय, मांजर फिरतंय.

वाचनालयात सांगून आलेय. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "किती दिवस?" म्हटलं, चोवीस. त्यांनी मोजून घेतले नाहीत. माझ्याजवळ पिशवी आहे. थंडीचे आणि उन्हाळ्याचे, दोन्ही कपडे आहेत.

तुझे चाळीस दिवस तू पुरे कर. आई आली तर तिला वाटेत मी भेटेनच. या वेळी तिला आधी वर जाऊ देईन.

नाही आली, तर तू दार उघडशील तेव्हा बाहेर कुणीतरी असावं. माझ्या चाळिसाव्या दिवशी मी दार उघडलं होतं. जिना रिकामा होता. त्या वेळी तिथं कोण बसून गेलं होतं, ते मी मनातल्या मनात रोज पाहते.

दूध नासेल, तेवढं आत घे. मी तोंड फिरवून बसते.

मावशी


(त्याच कागदाच्या मागे, आतून)

मावशी,

पत्र आलं त्याच दिवशी वाचलं. मग परत तसंच दारात सरकवून ठेवलं. येऊन बघतेस का ते बघायला.

सोळा पानंही वाचली. १०८ वर तुझ्या अंगठ्याचा पुरा ठसा आहे. त्याच्यावर माझा अंगठा ठेवून पाहिला. माझा लहान आहे.

आई आलेली नाही. येणार नाही हे मला चौथ्या दिवशीच कळलं होतं. तरी कप मांडत राहिले, कारण नाही मांडले तर मग काय करायचं ते सुचत नव्हतं. तिला विचारायचं होतं त्याचं उत्तर मला तुझ्या पत्रात मिळालं. ते तिच्या तोंडून हवं होतं. ते आता होणार नाही.

तुझ्यावरचा राग अजून आहे. तो पाण्यानं उतरत नाही, तेही प्रकरण करून पाहिलं.

तू बसल्यापासून मी घड्याळ बघत होते. आई पाऊण तास बसली होती. तुला चार तास झाले.

दाराला आतून कडी नाही. पहिल्या दिवसापासूनच लावलेली नव्हती. नुसतं फुगलंय. खांदा लाव.